वळसंग ते सोलापूर डायलिसिसच्या फेऱ्या आणि इंजिनात डाव्या बाजूनं खडखड: गाडी चालवू की नको?

मागवाला_वळसंग (मंगळवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी. ज्यांना गाडीतलं कळतं त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचा. गुरुवारी पहाटे परत निघायचंय, त्याच्या आत मला ठरवायचंय.

गाडी शंभर सीसीची, आडव्या इंजिनची, २०१२ची. मीटरवर ८६ हजार. पहिल्यापासून माझ्याच हातातली. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, दुपारी तीनची पाळी मागून घेतलीय. कारण मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी वडलांना (आम्ही अप्पा म्हणतो) डायलिसिसला सोलापुरात न्यायचं असतं. जाऊन-येऊन पंचेचाळीसेक किलोमीटर. साडेसहाला मशीनवर घेतात, चार तास लागतात. डिसेंबरपासून हे चाललंय. आधी मानेतल्या नळीतून करायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या (सोलापूरची संक्रांतीची जत्रा) आदल्या आठवड्यात डाव्या हाताला फिस्टुला केला (धमनी आणि शीर जोडून सुया टोचायला केलेली जागा), मार्चपासून त्यातून सुरू झालं.

आता आवाजाचं. तो आधी अप्पांना ऐकू आला, मला नाही. चौदा वर्षं मागांच्या शेडमध्ये गेली माझी, बारीक आवाज मला कळत नाहीत. घरात फोन वाजला तरी बायको सांगते तेव्हा उचलतो. गेल्या शनिवारी परत येताना टोलनाक्याच्या अलीकडं अप्पांनी पाठीवर थाप मारली. मला वाटलं चक्कर आली. गाडी बाजूला घेतली, तर म्हणाले, "इंजिन खडखडायलंय, बंद कर." चार तास मशीनवर पडून आलेला माणूस, ओठ वाळलेले, एप्रिलचं साडेअकराचं ऊन, आणि ते खाली वाकून इंजिनाकडं कान करून उभे. अप्पांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन वीस वर्षं सांभाळलंय. मी लहान असताना ते घरात जेवता जेवता शेतातल्या इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, पाणी तुटलं म्हणून.

त्याच रात्री अकराला पाळी सुटल्यावर घराजवळच्या बोळात शिरलो. तिथं दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो, तेव्हा मलाही कळलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यागत. रेस सोडली की जास्त, ओढताना कमी. पायालाही डाव्या बाजूनं जरा हादरे लागतात.

सोमवारी हायवेवरच्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी किक मारली, दोनदा रेस दिली आणि म्हणाले, "कनेक्टिंग गेलंय. फुल इंजिन काम. साडेनऊ हजार, चार दिवस गाडी ठेवा." कनेक्टिंग म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा. काही उघडलं नाही, ऑइलसुद्धा बघितलं नाही. चार दिवस म्हणजे अप्पांच्या दोन फेऱ्या. डायलिसिस सरकारी योजनेत बसलंय, त्याचे पैसे लागत नाहीत. पण रक्त वाढायची इंजेक्शनं, तपासण्या, माझे बुडालेले खाडे हे सगळं आहेच. साडेनऊ हजार उसने मिळतील, पण आधी ते खरंच गेलंय का हे कळायला पाहिजे.

आज मंगळवारी तिसाच्या वेगानं नेऊन आणलं. सगळा रस्ता माझं लक्ष इंजिनाकडं, आणि ऐकू काहीच येत नाही. पहाटे अंधारात मध्येच इंजिन जाम झालं आणि मागं अप्पा असले तर काय, एवढंच डोक्यात. एक फेरी चुकली की काय होतं ते मी फेब्रुवारीत बघितलंय. मला ताप होता म्हणून नेलं नाही. दुसऱ्या रात्री त्यांना आडवं पडता येईना, भिंतीला टेकून बसून श्वास घेत होते.

कनेक्टिंगचा आवाज असाच असतो का? आणि तोवर चालवू का?

जुना_फिटर (बुधवार, सकाळी ६:१५)

मालक, घाबरू नका, पण गाडी तपासल्याशिवाय वडलांना मागं बसवू नका.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला कनेक्टिंग वाटत नाही. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं की खोल, जड ठक-ठक येते. ती ओढताना वाढते, चढावर, डबल सीट, वरच्या गिअरमध्ये. तुमचा आवाज उलटा आहे, रेस सोडल्यावर वाढतो आणि तो ठोका नाही, खडखड आहे. डाव्या बाजूला या इंजिनात मॅग्नेट (वीज तयार करणारं चाक) आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी आतली साखळी) असते. क्लच आणि ऑइल पंप उजवीकडं. चेन ढिली झाली की रेस सोडताना ती आत फटके मारते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज वेगळा, वर हेडमधून येणारी एकसारखी बारीक टिकटिक, शिवणयंत्रासारखी.

पण हे सगळं नंतर. आज सकाळी आधी ऑइल बघा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत बसवायची नाही, नाहीतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. शेवटचं ऑइल कधी बदललं ते पण सांगा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर ऑइल टाकेपर्यंत पुन्हा एक किक सुद्धा मारू नका.

या आडव्या इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा जो रॉड असतो त्याला मागून स्प्रिंग असते आणि ऑइलचा आधार असतो. ऑइल तळाला गेलं की तो रॉड ढिला पडतो, चेन वाजायला लागते. म्हणजे कधीकधी चेन चांगली असते आणि आवाज मात्र चेनचाच येतो.

ऑइल बरोबर असलं किंवा बरोबर केल्यावर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. हेडवर, सिलेंडरच्या डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या कव्हरवर, उजवीकडं क्लच कव्हरवर, असं एकेका जागी ऐका. मग क्लच दाबून आवाज बदलतो का बघा. सायलेन्सर हेडला जिथं जोडतो तिथं काळा धूर मारलाय का तेही बघा, तिथली गॅस्केट फुटली तरी टॅपेटसारखी टिकटिक येते आणि लोक उगाच हेड उघडतात.

बार्शी_११० (बुधवार, सकाळी ७:४०)

माझ्या गाडीला सेम झालेलं. जाड ऑइल टाकलं, २०-५०, आवाज निम्म्याहून कमी झाला. वर्षभर चालवली. तुम्हाला आत्ता पैशाची अडचण आहे तर हे करून बघा.

जुना_फिटर (बुधवार, सकाळी ८:०५)

बार्शीकर, राग मानू नका, पण हा सल्ला यांच्यासाठी नाही. कंपनीनं १०-३० सांगितलेल्या इंजिनात २०-५० टाकलं की आवाज दबतो, झिजलेला भाग झिजलेलाच राहतो. वर थंड इंजिनात पहाटे पाचला किक मारल्यावर जाड ऑइल हेडपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि नेमका व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट तेवढा वेळ कोरडा फिरतो. यांना आवाज बंद करायचा नाहीये, आवाज कशाचा आहे ते कळायला पाहिजे.

डायलिसिस_ताई (बुधवार, सकाळी ९:३०)

दादा, गाडीतलं मला काही कळत नाही. मी अकरा वर्षं डायलिसिस युनिटला काम करते म्हणून लिहिते.

जाताना गाडीवर न्या, हरकत नाही. पण येताना डायलिसिसनंतर लगेच दुचाकीवर बसवणं धोक्याचं आहे. चार तासांत शरीरातलं दोन-अडीच लिटर पाणी काढलेलं असतं, त्यानं बीपी उतरतं. पेशंट खाटेवर बसलेला असतो तोवर बरा दिसतो, उभा राहिला की डोळ्यांपुढं अंधारी. मागच्या सीटवर डुलकी लागली किंवा चक्कर आली तर तुम्हाला कळायच्या आत ते खाली असतील. सिस्टरांना सांगून निघण्याआधी उभं करून बीपी बघायला सांगा. अर्धा तास तिथंच बसवा.

फिस्टुलाच्या हातावर पिशवी अडकवायची नाही, घड्याळ नाही, घट्ट बाही नाही, त्या हाताचं बीपी कुणाला घेऊ द्यायचं नाही. सुई काढलेल्या जागेवर दणक्यानं पुन्हा रक्त येऊ शकतं. खिशात स्वच्छ गॉज ठेवा, आलं तर दोन बोटांनी दाबून धरा, रुमालानं करकचून बांधू नका. थांबलं नाही तर थेट युनिट. आणि रोज सकाळी त्या जागेवर बोटं ठेवून बघा, आत मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

आणखी एक, उन्हाचं. रस्त्यात रसवंती दिसते, शहाळी दिसतात, घसा सुकलेला असतो, पोराला वाटतं बापाला पाजावं. शहाळ्यात पोटॅशियम फार, उसाच्या रसातही आहे, आणि ते हृदयावर जातं. तहान फारच लागली तर बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, तोही दिवसाच्या पाण्यात मोजून.

एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या पेशंटला मोफत प्रवासाची सवलत आहे. कागद कोणते लागतात ते आगारात विचारा, दवाखान्याचं प्रमाणपत्र मात्र लागेलच. अक्कलकोटच्या गाड्यांना तुमच्याकडं तोटा नाही.

मागवाला_वळसंग (बुधवार, दुपारी १:२०)

सगळ्यांचे आभार. सकाळपासून जे केलं ते क्रमानं लिहितो.

डिपस्टिक टेकवून काढली. टोकाला सुद्धा ओल नाही. तीनदा पुसून बघितलं. कोरडी.

मग हिशोब केला. शेवटचं ऑइल दिवाळीच्या आधी बदललेलं. रोजचा कारखाना आणि डिसेंबरपासून या फेऱ्या धरल्या तर साडेसहा हजार किलोमीटर झाले. माझ्या गाडीला मी कधी तीन हजाराच्या वर जाऊ दिलं नव्हतं. रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचो, तारीख आणि मीटर. ते रजिस्टर आज काढलं तर नोव्हेंबरपासून त्यात सगळं अप्पांचंच. वजन, प्यायलेलं पाणी, बीपी. गाडीचा एक आकडा नाही. शनिवारपासून अशा गाडीवर मी त्यांना मागं बसवून हिंडलो, हे मनातून जाईना झालंय.

खालचा नट खोलून ऑइल काढलं. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली अर्धीसुद्धा भरली नाही, आणि बदलताना यात ८०० मिली बसतं. काळंकुट्ट, पाण्यासारखं पातळ. जुन्या पांढऱ्या टॉवेलच्या तुकड्यावर ओतून उन्हात बघितलं. बारीक चमक आहे, कणीदार तुकडे नाहीत, बोटांत चोळून टोचत नाही. खाली जमिनीवर गळतीचा डाग कधीच नसतो. पहाटे किक मारल्यावर जरासा निळसर धूर येतो, मिनिटभरात जातो, हे आईनं सांगितलं, ती अंगणात असते तेव्हा. मी कधी मागं वळून बघितलं नाही.

नवीन १०-३० ऑइल ८०० मिली मोजून टाकलं. इंजिन चालू न करता हळूहळू पंधरा-वीस किका मारल्या, मग चालू केलं.

आता ऐकायचं कसं? स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लावून काही उपयोग नाही. अप्पांना म्हटलं, तुम्ही ऐका. आज त्यांचा सुट्टीचा दिवस. स्टूल आणून अंगणात सावलीला बसवलं. स्क्रूड्रायव्हर त्यांना पसंत पडला नाही. आत जाऊन वेळूचा जुना दांडका घेऊन आले, डिझेल इंजिनाला लावायचे तोच. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डावा हात मांडीवर जपून ठेवलेला, उजव्या हातानं दांडका धरून एक टोक सिलेंडरला, एक कानामागं. डोळे मिटलेले. मी रेस कमी-जास्त करायचो आणि ते बोटानं खुणावायचे, वाढव, सोड, वाढव, सोड. डिसेंबरपासून त्यांनी मला "हे कर" असं सांगितलेलं आठवत नाही, सगळं आम्हीच त्यांना सांगतोय.

अप्पांचं म्हणणं असं. शनिवारच्या मानानं आवाज निम्म्यावर आलाय. हेडवर बारीक टिकटिक आहे, ती त्यांच्या मते "चालायचीच". मॅग्नेटच्या बाजूनं रेस सोडली की साखळी घासल्यागत खर्रर्र येतं, ते खरं दुखणं. उजवीकडं काही नाही. क्लच दाबून फरक नाही. खाली ठोका नाही. ठोका नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सायलेन्सरच्या तोंडाशी धूर मारलेला नाही.

उद्या जाताना गाडी, येताना एसटी असं ठरवलंय. ताई, त्या उभ्यानं बीपी बघायच्या गोष्टीबद्दल फार आभार, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आणि शहाळं मी एकदा पाजलंय, तेही कौतुकानं.

जुना_फिटर (बुधवार, दुपारी २:०५)

तुमच्या अप्पांना माझा नमस्कार सांगा. ज्यांनी ऐकलंय त्यांनी बरोबर ऐकलंय.

टायमिंग चेन ताणली गेलीय आणि आतले रबरी रोलर कडक झाले असतील किंवा तुटले असतील. ८६ हजाराला हे होणारच, ऑइल नसल्यानं लवकर वाजलं इतकंच. चेन, दोन्ही रोलर, टेन्शनर रॉडचं रबर आणि स्प्रिंग हे एकत्र बदलून घ्या. नुसती चेन बदलू नका, जुन्या रोलरवर नवी चेन महिन्यात पुन्हा वाजते. त्याच वेळी टॅपेटची फट बघून घ्या, इंजिन पूर्ण थंड असताना. फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते, गरम इंजिनावर चुकीची लागते. टिकटिक अगदीच बंद करायला जाऊन कुणी टॅपेट घट्ट केला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. जराशी टिकटिक असलेली बरी.

पहाटेचा तो निळसर धूर मिनिटभरात जात असेल तर व्हॉल्व्हचे ऑइल सील वाळलेत, रात्रभरात ऑइल झिरपून आत उतरतं. पिस्टन-रिंग गेली असती तर ओढताना सुद्धा धूर दिसला असता. सीलचं काम पावसाळ्यानंतर केलं तरी चालेल, फक्त तोवर दर रविवारी डिपस्टिक बघायची आणि लागेल तेवढं ऑइल टाकायचं. यात चुकायचं नाही.

उद्या एकटे जायचं असतं तर मी जा म्हटलं असतं. पण चेन इतकी ढिली असताना ती चाकाचा दात सोडून घसरली तर इंजिन जागेवर बंद पडतं. वडलांना उद्या दोन्ही वेळा एसटी किंवा रिक्षा. आजच काम करून घ्या, अर्ध्या दिवसाचं आहे. आणि त्या कारागिराला सांगा, काढलेले सगळे भाग पिशवीत घालून परत द्या.

मागवाला_वळसंग (शुक्रवार, रात्री १२:१०)

उशिरा लिहितोय, पाळीवरून आत्ता आलो.

बुधवारी खाडा टाकला. गावातल्याच एका ओळखीच्या कारागिराकडं गाडी नेली, ढकलत. त्यांनी माझ्यासमोर मॅग्नेटची बाजू उघडली. रोलरचं रबर एका बाजूनं उडून गेलेलं, आतलं लोखंड दिसत होतं. चेन हातात आडवी धरली तर धनुष्यासारखी वाकली, नवी शेजारी धरली ती जवळजवळ सरळ. ते रबराचे तुकडे कव्हरच्या तळाशी सापडले. टॅपेटचं गुरुवारी सकाळी इंजिन थंड असताना केलं. किट, गॅस्केट आणि मजुरी मिळून साडेचौदाशे. ऑइलचे वेगळे.

गुरुवारी पहाटे पाचच्या गाडीनं अप्पांना घेऊन गेलो. आईपण आली, तिला अर्धं तिकीट. डायलिसिस झाल्यावर सिस्टरांना म्हटलं, उभं करून बीपी बघा. झोपून १३० होतं, उभं केल्यावर ९८. सिस्टरांनी परत झोपवलं, पाय वर करून, पाऊण तास. अप्पा म्हणत होते मला काही होत नाही. मी तेव्हा गप्प बसलो. इतके दिवस आम्ही सुई काढली की दहा मिनिटांत गाडीवर बसवून हायवेला लागायचो. परत येताना एसटीत ते खिडकीला डोकं टेकून वळसंग येईपर्यंत झोपले.

सवलतीच्या कागदासाठी डॉक्टरांची सही मिळालीय, सोमवारी आगारात जाणार आहे.

रजिस्टरमध्ये मागच्या पानावर गाडीचा तक्ता पुन्हा सुरू केला. रविवारची डिपस्टिक आईनं स्वतःकडं घेतलीय. वाचता येत नाही तिला, पण दोन खुणा दाखवल्या, ओल या दोन्हींच्या मध्ये पाहिजे म्हटलं, तिला पुरेसं आहे.

आज दुपारी कारखान्याला निघताना अप्पा दांडका घेऊन बाहेर आले. स्टुलावर बसून पुन्हा सगळीकडं ऐकलं, मला रेस वाढव-सोड करायला लावली. मग दांडका बाजूला ठेवून म्हणाले, "चेन गप झाली. आता त्या चेनकव्हरचा बोल्ट वाजतोय, तो आवळ आणि जा." आवळला, आणि निघालो.

डायलिसिस_ताई (शुक्रवार, सकाळी ८:२०)

१३०वरून ९८ म्हणजे बरंच उतरलं. शनिवारी डॉक्टरांना हा आकडा सांगा. त्यांचं कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन) पुन्हा ठरवावं लागेल कदाचित, आणि बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नंतर हेही विचारा. गोळी मनानं बंद करू नका.

मागवाला_वळसंग (शुक्रवार, सकाळी ८:४५)

बीपीची गोळी ते पहाटे चारला चहाबरोबर घेतात. उद्या विचारतो, ताई. हातातली थरथर आत्ताच बघितली, लागतेय.